फाइनाच्या बाजूचा पत्रा

"आणखी एक," मात्वेय म्हणाला आणि तुटलेली प्लास्टिकची खुंटी त्याने डब्यात टाकली.

गाडीच्या दाराचा आतला पुठ्ठा अशा खुंट्यांवर बसवलेला असतो. बसवताना त्या मुकाट्याने आत जातात. काढताना मात्र प्रत्येक खुंटी मान मोडून घेते. डब्यात त्यांचा ढीग झाला होता आणि हे अजून पहिलंच दार होतं.

शेजारच्या गॅरेजातला झोरा उलट्या बादलीवर बसून चहा पीत होता.

"हळू ओढ, सावेलिच. झोपलेल्या बायकोच्या पाकिटाला हात घालतोयस असं समज."

"ये, तूच ओढ."

"माझी पाठ धरलीय."

"बादलीवर बसायला बरी चालते तुझी पाठ."

"बसायला नाही धरत, वाकायला धरते. डॉक्टरनं सांगितलंय, बसा आणि सल्ला द्या."

मात्वेयने पुढची खुंटी ओढली. तीही तुटली. त्याने पेचकस जरा जोरात खाली ठेवला.

शहराच्या कडेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे, विटांच्या गॅरेजांची आमची रांग आहे. प्रत्येक गॅरेजात एक गाडी, खाली तळघरात बटाटे आणि लोणच्याच्या बरण्या, आणि शनिवारी एक नवरा. मात्वेयला तिथे सगळे बापाच्या नावावरून सावेलिच म्हणत. त्याची गाडी चौकोनी होती, खोक्यासारखी, वाटाण्याच्या सूपच्या रंगाची. साठच्या वेगाला तिचं छत गुणगुणायला लागे, ऐंशीला दारं साथ देत, आणि त्यापुढे काय होतं ते मात्वेयने कधी बघितलं नव्हतं. हिवाळ्यात खिळ्यांचे टायर चढवले की आत बसलेल्या माणसाला पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटे. या गाड्या तशाच असतात. म्हणून आमच्याकडे अर्धी रांग आपापली गाडी सोलून तिच्या पत्र्याला आतून डांबरी चादरी चिकटवत असते. पत्रा जड झाला की थरथरत नाही, थरथरला नाही की गात नाही. या उद्योगाला सगळे 'शूमका' म्हणतात आणि प्रत्येकाला तो शेजाऱ्यापेक्षा जास्त कळतो.

"पण तुला आत्ताच काय सुचलं?" झोराने विचारलं. "वीस वर्षं चालवलीस की बोंबलत."

"घसा दुखतो," मात्वेय म्हणाला. "ओरडून ओरडून."

ते खोटं नव्हतं, पण ते एवढंच नव्हतं.

मात्वेयने जन्मभर बेकरीची गाडी चालवली. पहाटे पाव भरायचे, दुकानादुकानांत टाकायचे, रिकामे ट्रे घेऊन परत यायचं. त्याच्या हातून कधी शिळा पाव गेला नाही, एवढंच कोणी त्याच्याबद्दल सांगितलं असतं. तो मुका नव्हता, पण समोर माणूस बसलेला असला की त्याच्या जिभेला गाठ बसे. टेबलापाशी, पाहुण्यांत, पलंगावर, कुठेही. बोलायचं तर हातात स्टिअरिंग हवं, डोळे रस्त्यावर हवेत आणि ऐकणारं माणूस शेजारी हवं, समोर नको. असं जमून आलं की मात्वेय असा बोले की बेकरीतल्या हमालांनाही नवल वाटे. लग्नाचं त्याने फाइनाला विचारलं ते पावाच्या गाडीतच, पुढे चाललेल्या दुधाच्या टँकरकडे बघत. टँकर वळला आणि फाइना हो म्हणाली.

फाइना गिरणीत साळखात्यात होती. मागांच्या रांगांमधून दिवसभर फिरायचं, तुटलेला धागा सांधायचा, थांबलेला माग चालू करायचा. साळखात्याच्या आवाजाबद्दल सांगून उपयोग नाही. तिथे बायका ओठ वाचून बोलायच्या, आणि म्हाताऱ्या झाल्या तरी बोलतात. आमच्याकडे बसमध्ये दोन निवृत्त विणकरणी दोन टोकांना बसून, तोंडातून आवाज न काढता, तिसरीच्या सुनेची चामडी सोलत असतात. त्यामुळे आमच्या शहरात बायकांसमोर नुसते ओठ हलवूनही शिवी देता येत नाही.

तर संसार असा. तिला बोलणाऱ्याचं तोंड दिसायला हवं, आणि त्याला तोंड दाखवून बोलता येत नाही.

तरीही त्यांचं चाललं होतं. शहराबाहेर त्यांचा एक दाचा होता, म्हणजे लाकडी खोली, बटाट्याचे वाफे आणि काकड्यांसाठी काचेचं खोपटं. तिकडे जायला तासाभराहून जास्त लागे, आणि मात्वेय आठवडाभराचं त्या रस्त्यावर बोलून घेई. फाइना शेजारी बसून 'हं' म्हणे. एक मोठी गोष्टसुद्धा त्याने त्याच रस्त्यावर मिटवली होती. तरुणपणी त्याला उत्तरेकडे, खाणींच्या गावात, ट्रकवर नोकरी मिळत होती. पगार दुप्पट. फाइना नको म्हणाली, तिची आई अंथरुणाला खिळलेली होती. मात्वेय राहिला, पण तोंड वाकडं करून राहिला. कित्येक हिवाळे त्याचं एकच पालुपद होतं, 'तिकडे असतो तर.' त्याचा दोस्त प्रोखोर गेला तिकडे, आणि फुप्फुसं घालवून परत आला. मग एका वसंतात, दाचाच्या वाटेवर, समोर बघत मात्वेय म्हणाला होता, बरं झालं नाही गेलो ते. तू अडवलंस म्हणून राहिलो, आणि मी इथेच सुखी झालो. फाइना 'हं' म्हणाली होती. त्याच्या लेखी तो विषय तिथे संपला.

यंदा मार्चमध्ये डॉक्टरने फाइनाचे कान तपासले. एक गेलाच होता, दुसऱ्यात थोडं शिल्लक होतं, तेही वर्षा-दोन वर्षांत जाईल म्हणाला. सरकारी दवाखान्यातून मिळालेलं कानातलं यंत्र तिने एक दिवस लावलं, मग साखरेच्या भांड्यात टाकलं. त्यात चमचे ओरडतात आणि माणसं शिट्ट्या वाजवतात, असं तिचं म्हणणं.

मात्वेयने घरी येताना मनाशी हिशेब केला. शिल्लक आहे त्या कानाला गाडीच्या गोंगाटातून आपलं बोलणं पोचणार नाही. गाडी गप्प करायला हवी. हे तो झोराला सांगणार नव्हता.

"बरं, चादरी कुठल्या आणल्यास?" झोराने विचारलं.

"अजून आणल्या नाहीत. शहरातल्या दुकानात आहेत."

"त्या दानिलाच्या? सावेलिच, तो दरोडेखोर आहे. ऐक माझं. बांधकामाच्या बाजारात छपराच्या फटी बुजवायची पट्टी मिळते. खाली डांबर, वर चंदेरी कागद. तेच डांबर, तोच कागद. दानिला त्याच्यावर गाडीचं चित्र छापतो, एवढाच फरक."

"वास नाही येत?"

"मी माझ्या गाडीला लावलीय. येतो का वास?"

झोराच्या गाडीला कुत्र्याचा, माशांचा आणि झोराचा इतका वास येत होता की त्यात छप्पर वेगळं कळणं शक्य नव्हतं. हे मात्वेयच्या लक्षात यायला हवं होतं. पण माणूस एप्रिलमध्ये आशेवर असतो.

पट्टी सुरेख चिकटली. मात्वेयने दार, तळ, छत, सगळं चंदेरी करून टाकलं. आधी पत्र्यावर बोट वाजवलं की 'टण्ण' व्हायचं, आता 'ठप्प' झालं. झोराने प्रत्येक दारावर स्वतः वाजवून बघितलं आणि प्रत्येक वेळी आपल्यालाच शाबासकी दिली.

मे महिन्यात ऊन पडलं.

टोमॅटोची रोपं दाचावर न्यायचा तो आठवडा होता. त्या आठवड्यात आमच्याकडच्या प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेतून टोमॅटो बाहेर बघत असतात. फाइनाने खिडकीत दोन महिने वाढवलेली रोपं मागच्या बाकावर मांडली, पुढे येऊन बसली आणि नाक मुरडलं.

"कुणी छप्पर जाळतंय का?" तिने विचारलं.

मात्वेयने मान हलवली. त्याला वाटलं, जाईल वारा लागला की.

वारा लागला, वास वाढला. अर्ध्या वाटेवर फाइनाने मागची रोपं एकेक करून मांडीवर घेतली, काच खाली केली आणि रोपांसकट डोकं बाहेर काढलं. समोरून येणारे लोक बघत होते. पोचल्यावर ती उतरली तर तिच्या फुलाफुलांच्या झग्याला कुशीवर काळा पट्टा. दाराच्या पुठ्ठ्याखालून डांबर ओघळून आलं होतं.

ती झग्याकडे बघत राहिली. मग मात्वेयच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तू गाडीला छप्पर घातलंयस?"

"आवाज कमी व्हावा म्हणून," मात्वेय म्हणाला.

"कुणाला आवाज येतो?"

"मला येतो."

"मग कापूस घाल की कानात. स्वस्तात झालं असतं," ती म्हणाली आणि रोपं उचलून वाफ्यांकडे गेली.

जूनभर मात्वेय डांबर काढत होता. उन्हात मऊ झालेलं डांबर निघत नाही, नुसतं जागा बदलतं. पत्र्यावरून ते खरवडणीवर आलं, खरवडणीवरून हातावर, हातावरून कोपरावर, आणि एके दिवशी भुवईवर. रॉकेल चोळून भुवई पुसताना त्याने झोराला जे जे म्हटलं ते सगळं रिकाम्या गॅरेजला ऐकावं लागलं, कारण झोरा त्या दिवसांत पाठीच्या इलाजासाठी बहिणीकडे गेला होता.

शेवटी तो दानिलाकडे गेला. दानिला दुकानात पांढरं जॅकेट घालून उभा असे.

"छपराची पट्टी लावली होती का?" मात्वेयचे हात बघून त्याने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"आजोबा, जूनमध्ये माझं अर्धं गिऱ्हाईक तेच असतं. वास गेला का?"

"नाही."

"जाणारही नाही सगळा. दोन उन्हाळे राहील. हे घ्या. आधी पत्रा स्पिरिटनं पुसा, मग चादर गरम करा, मग रुळानं दाबा. वरची नक्षी सपाट होईस्तोवर दाबा. आणि दारांच्या तळाला भोकं असतात, ती बुजवू नका. तिथून पाणी जातं."

मात्वेयने सगळं केलं. पुसलं, तापवताना निम्मी भुवई जाळून घेतली, रूळ फिरवून मनगट सुजवलं. डांबरी चादरीवर स्पंज, त्यावर लोकरीचा जाड नमदा. दारांची भोकं मात्र बुजवली, कारण तेव्हा झोरा बहिणीकडून परत आला होता आणि म्हणाला होता की आवाज भोकातूनच तर येतो. जुलैच्या पावसानंतर गाडी इतकी शांत झाली होती की वळणावर दारात पाणी हिंदकळताना स्पष्ट ऐकू आलं.

"तुझ्या दारात मासे आहेत, सावेलिच," शेजारी बसलेला झोरा म्हणाला.

मात्वेयने गाडी वळवली, गॅरेजात आणली, दार पुन्हा सोललं. खुंट्या पुन्हा तुटल्या. झोराने बादली ओढली तेव्हा मात्वेय म्हणाला, "बसलास तर सल्ला देऊ नकोस."

"मग बसून करू काय?"

"गप्प बस."

"नुसतं?"

"नुसतं."

झोरा खरोखर गप्प बसला. फार वेळ जमलं नाही त्याला, पण भोकं मोकळी होईपर्यंत जमलं.

सप्टेंबरात एका सकाळी सगळं झालं. बटाटे काढायला जायचं होतं. मात्वेयने दार लावलं तर ते परक्या देशातल्या महागड्या गाडीसारखं 'थप' असं मिटलं. तो मोठ्या रस्त्याला लागला, वेग घेतला, आणि छत गुणगुणलं नाही. इंजिन कुठेतरी दूर, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत चालल्यासारखं वाटत होतं. आपल्या घड्याळाची टिकटिक मात्वेयला ऐकू आली. सहा महिने, सुजलेलं मनगट आणि जळलेली भुवई, सगळं वसूल झालं असं त्याला वाटलं.

आणि मग तो बोलायला लागला, अगदी हळू, ओरडावं न लागता. आधी झोराबद्दल, मग बेकरीतल्या जुन्या लोकांबद्दल. मग त्याने सांगितलं की प्रोखोर गेला, परवा, इस्पितळात. अखेर श्वासच पुरेना. आणि मागे एकदा म्हणालो होतो ते पुन्हा म्हणतो फाइना, तू मला जाऊ दिलं नाहीस ते बरं केलंस. प्रोखोरला बघून निघालो तेव्हा इस्पितळाच्या पायरीवरच बसलो. मी तिथे पडलेलो असतो. त्याऐवजी आयुष्यभर गरम पाव वाहिले आणि संध्याकाळी घरी आलो.

समोर रस्ता होता, बर्च झाडांची पानं पिवळी व्हायला लागली होती. मात्वेय थांबला. शेजारून काही आलं नाही. नुसतं 'हं'सुद्धा नाही.

म्हणजे रुसलीय, त्याला वाटलं. माणूस मेल्याचं सांगतोय, इतकं मन मोकळं करतोय, आणि ही रुसलीय. सहा महिने आपण ज्यासाठी डांबरात लोळलो ते हे. उरलेला रस्ता तोही बोलला नाही.

दाचावर पोचल्यावर फाइना उतरली ती दाराला धरूनच उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता. आत जाऊन तिने शेगडी पेटवली, चहा ठेवला, आणि टेबलापाशी बसली ती दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून, टेबल आहे ना याची खात्री करावी तशी.

"मी पुन्हा त्या गाडीत नाही बसायची," ती म्हणाली. "बसनं येईन."

मात्वेयने कप खाली ठेवला. "का?"

"कापसाच्या गाठोड्यात घातल्यासारखं होतं. चाललोय की थांबलोय कळत नाही. झाडं सरकतात बाहेरून, सिनेमातल्यासारखी, आणि मला मळमळतं."

"अगं, तुझ्यासाठी केलं सगळं."

"मला काय आवाजाचा त्रास होता? आवाज मला येतच नाही, मात्वेय. पायांना यायचा. तळव्यांना. तू गिअर बदललास की कळायचं, खडी लागली की कळायचं, पूल आला की वेगळं कळायचं. गिरणीत कान कुणाला होते? मागल्या रांगेतला माग थांबला की पायालाच कळायचं, आणि मी वळायचे. तेवढंच राहिलं होतं माझ्याकडे. तू त्याच्यावर गादी घातलीस."

मात्वेयने विचारलं, "मग आज मी बोललो ते?"

"काय बोललास?"

"सबंध रस्ता बोलत होतो."

"गाल हलताना दिसला."

"ऐकू नाही आलं? इतक्या शांत गाडीत?"

फाइनाने सुस्कारा सोडला. मंद मुलाला पुन्हा पाढा सांगावा तसं ती म्हणाली, "माझा कुठला कान गेलाय?"

"एक."

"डावा. अकरा वर्षं झाली. आणि तू गाडीत कुठल्या अंगाला बसतोस?"

मात्वेयने नकळत आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, डावं कोणतं, उजवं कोणतं. तो डावीकडे बसत होता. आमच्याकडे गाडी चालवणारा डावीकडेच बसतो, म्हणजे त्याच्या बाजूला येतो तो तिचा डावा कान. हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"मग 'हं' कशाला म्हणायचीस?"

"तू बोलत होतास म्हणून. माणूस बोलतंय तर हं म्हणावं."

"आज नाही म्हणालीस."

"आज मळमळत होतं."

चहा उकळून शेगडीवर सांडला. फाइना उठली, पुसलं, पुन्हा बसली. मात्वेय म्हणाला, "प्रोखोर गेला." हे लहान होतं म्हणून समोर बघूनही तोंडातून निघालं.

फाइनाने छातीवर बोटांनी क्रॉसची खूण केली. "सुटला बिचारा," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुझी पण इच्छा होती तिकडे जायची. मी जाऊ दिलं नाही. तू हल्ली बोलून दाखवत नाहीस, पण मला काय कळत नाही का? मनात धरून आहेस अजून."

"मी तुला सांगितलंय त्याचं," मात्वेय म्हणाला. "कितीतरी वर्षं झाली."

"कुठे?"

"गाडीत."

फाइना हसली नाही. तिने फक्त खुर्ची थोडी पुढे सरकवली, दिव्याच्या बाजूने वळली, आणि त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "मग आता सांग."

मात्वेयने तोंड उघडलं. समोर तिचे डोळे होते, त्याच्या ओठांवर ठेवलेले. शब्द सगळे होते, सकाळीच तर एकामागून एक आले होते, पण ते तिथेच घशात गर्दी करून उभे राहिले. त्याने तोंड मिटलं, पुन्हा उघडलं.

"उद्या सांगतो," तो म्हणाला. "जाताना, गाडीत."

म्हटल्याबरोबर त्याचं त्यालाच कळलं. फाइनाने कप उचलले आणि धुवायला नेले. दुसऱ्या दिवशी ती बसनेच घरी गेली.

ऑक्टोबरात पहिली थंडी पडली त्या शनिवारी मात्वेय गॅरेजात छिन्नी-हातोडा घेऊन आला. डांबरी चादर थंडीत काचेसारखी कडक होते हे त्याला उन्हाळ्याने शिकवलं होतं. त्याने शेजारचं आसन काढलं, नमदा काढला, स्पंज फाडला, आणि छिन्नी लावली.

झोरा बादली घेऊन आला आणि उभाच राहिला. "काय करतोयस?"

"काढतोय."

"आता कुठला वास येतोय?"

"वास नाही येत."

"पाणी साठलं?"

"नाही."

"मग? सावेलिच, सगळी रांग चिकटवते आणि तू सोलतोस? आधी छप्पर लावलंस, ते काढलंस. मग दुकानातलं लावलंस, तेही काढतोस. लोक विचारतात मला, त्याला झालंय काय?"

"मग सांग, भुवई जळाली तेव्हापासून असाच करतो."

"सगळं काढणार?"

"तिच्या पायाखालचं. तेवढंच."

झोराने गाडीत डोकावून बघितलं. काळ्या ठिकऱ्या उडत होत्या आणि खालून पत्रा दिसायला लागला होता. "एक बाजू गप्प आणि एक बाजू बोंबलणार," तो म्हणाला. "असली गाडी मी जन्मात बघितली नाही."

"मग आता बघ."

झोराने मात्वेयच्या तोंडाकडे बघितलं. बादली तिथेच ठेवून तो आपल्या गॅरेजात गेला आणि एक अरुंद छिन्नी घेऊन आला. "कोपऱ्यात तुझी जाणार नाही," तो म्हणाला, आणि पाठ धरत धरत वाकला.

फाइना त्या गाडीत बसायला तयार होईना. मात्वेयने तिला समजावलं नाही, ते त्याला येतच नाही. त्याने पुढचं दार उघडलं आणि खाली बोट दाखवलं. उघडा पत्रा, जागोजाग छिन्नीच्या ओरखड्यांचा, गंज लागू नये म्हणून तांबडा रंग फासलेला. फाइनाने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "रंग वाळलाय ना? का हाही झग्याला लागणार?" आणि बसली.

दाचा हिवाळ्यासाठी बंद करून ते परत निघाले तेव्हा दिवस मावळत होता. शेतं रिकामी होती, काही ठिकाणी पहिला बर्फ पडून राहिला होता. फाइनाने बूट काढले आणि लोकरी मोजे घातलेले पाय पत्र्यावर टेकले.

"तिसरा गिअर," ती म्हणाली.

मात्वेयने मान हलवली.

"चौथा. आणि आता ती खडी, शाळेपुढची." तिचा चेहरा उजळला होता. "मागल्या चाकाला काहीतरी झालंय रे. एक ठोका जास्त पडतोय."

मात्वेयने कान दिला. तिच्या बाजूने येणाऱ्या घरघरीत त्याला ठोका ऐकू आला नाही. पण असेल. घरी गेल्यावर बघावं लागेल. गाडी पुन्हा गिरणीसारखी वाजत होती, निम्मी, आणि त्या निम्म्या आवाजाने त्याचा उजवा कान दुखायला लागला होता.

जुन्या सवयीने त्याने तोंड उघडलं, समोरच्या काचेला उद्देशून दोन शब्द म्हटले, आणि थांबला. थोडा वेळ तसाच चालवत राहिला. मग पाइनच्या राईपाशी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" फाइनाने विचारलं.

मात्वेयने पट्टा सोडला आणि आसनावर वळायला लागला. ही गाडी त्यासाठी केलेली नाही. स्टिअरिंग बरगडीत घुसलं, गुडघा गिअरच्या दांड्याला अडला, कोट मागे कशात तरी गुंतला. त्याने वैतागून तो ओढला तेव्हा शिवण उसवल्याचा आवाज झाला. अखेर तो तिच्याकडे तोंड करून बसला. हात स्टिअरिंग शोधत होते, ते त्याने मांडीवर ठेवले.

"बोलायचंय," तो म्हणाला.

"घरी बोल की."

"घरी येत नाही मला."

फाइनाने पाय वर घेतले आणि तीही वळली. त्याने सुरुवात केली. "उत्तरेचं," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं छातीशी, कोटाच्या कॉलरमध्ये गेलं.

"मान वर कर."

त्याने मान वर केली. पुन्हा तोंड उघडलं.

"थांब," ती म्हणाली. "दिसत नाहीय."

बाहेर अंधार झाला होता. तिने हात वर नेला, छतावर चाचपडत बटण शोधलं आणि दिवा लावला. त्या लहानशा पिवळ्या उजेडात त्याची पांढरी दाढी दिसली, एक भुवई निम्मी, आणि टोपीची सावली तोंडावर पडलेली.

मात्वेयने टोपी काढली.